वेड गाण्याचं, वेड आजाराचं : पडद्यावरचे संगीतकार

सुरुवात आपल्या भाषेतल्या एका शब्दापासून करतो. ‘त्याला गाण्याचं वेड आहे’ असं आपण कौतुकाने म्हणतो. ‘त्याला वेड लागलं’ असं म्हणताना आपला आवाज आपोआप खाली येतो. शब्द तोच, फक्त क्रियापद बदललं. पण पहिल्या वाक्यानंतर माणसाला मैफिलीला बोलावतात आणि दुसऱ्यानंतर ठरलेली सोयरीक मोडते.

चित्रपट ही दोन वाक्यं एकमेकांना जोडून टाकतात. संगीताचं वेड होतं म्हणून वेड लागलं, किंवा वेड लागलं होतं म्हणूनच असं संगीत सुचलं. पाश्चात्त्य अभिजात संगीतकारांवरच्या चित्रपटांत ही जोडणी गेली ऐंशी वर्षं चाललेली आहे. आज त्यातले काही चित्रपट घेऊन मी एवढंच पाहणार आहे, की पडद्यावर काय दाखवलं आणि प्रत्यक्षात काय घडलं होतं. चित्रपटाने इतिहासाशी तंतोतंत राहावं असा माझा हट्ट नाही. दोन तासांत आयुष्य बसवायचं तर काटछाट होणारच. पण प्रत्येक वेळी काटछाट त्याच जागी होत असेल, तर त्या जागी काय होतं हे विचारायला हवं.

एंडेनिखची अडीच वर्षं

पहिलं उदाहरण रॉबर्ट शुमानचं. जन्म १८१०, जर्मनीतल्या झ्विकाऊ गावी. पियानोवादक क्लारा वीक हिच्याशी १८४० साली लग्न झालं, तेही तिच्या वडिलांविरुद्ध कोर्टात जाऊन. म्हणजे चित्रपटाला लागणारं सगळं आधीच हजर आहे : प्रेम, कजाग सासरा, प्रतिभा, आणि शेवटी आजार.

१९४७ साली हॉलिवूडमध्ये ‘साँग ऑफ लव्ह’ हा चित्रपट आला. दिग्दर्शक क्लेरेन्स ब्राउन. क्लारा झाली होती कॅथरिन हेपबर्न, शुमान पॉल हेनराइड, आणि तरुण ब्राम्स रॉबर्ट वॉकर. हेपबर्न पियानोवर बसते तेव्हा ऐकू येतो तो आर्थर रुबिनस्टाइनचा हात. प्रसंगांच्या क्रमात सवलत घेतली आहे, अशी कबुली सुरुवातीच्या पाटीतच दिलेली आहे, तेव्हा त्यावर भांडण नको. पण सवलत कुठे घेतली ते बघा. शुमान आपली रचना सादर करत असताना, ऑर्केस्ट्रा आणि गायकवृंदासमोर, भर सभागृहात कोसळतो. पुढे तो मनोरुग्णालयात असताना क्लारा त्याला भेटायला जाते. तो पियानोवर बसतो, ‘नवीन काहीतरी लिहिलंय’ असं सांगून वाजवू लागतो, आणि वाजवतो ते असतं ‘ट्रॉयमेराय’, म्हणजे त्याने १८३८ साली लिहिलेलं, सगळ्या जगाला पाठ असलेलं. क्लाराच्या डोळ्यांत पाणी येतं, आपल्याही येतं. प्रसंग फार चांगला रचलेला आहे. पण असा प्रसंग घडलेला नाही, आणि घडणं शक्यही नव्हतं.

प्रत्यक्षात काय झालं? १८५४ च्या फेब्रुवारीत ड्युसेलडॉर्फला राहत्या घरी शुमानच्या कानात आधी एकच स्वर वाजू लागला, मग अख्खं संगीत, मग आवाज. काही रात्री देवदूत यायचे, काही रात्री वाघ-तरस. त्याला स्वतःला कळत होतं की हे ठीक नाही. मला मनोरुग्णालयात ठेवा, असं २६ फेब्रुवारीला तो स्वतःच म्हणाला. दुसऱ्या दिवशी, कार्निव्हलच्या सोमवारी, पावसात तो घराबाहेर पडला आणि त्याने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. लोकांनी त्याला वर काढलं. ४ मार्चला त्याला बॉनजवळच्या एंडेनिख गावी डॉ. फ्रान्झ रिचार्झ यांच्या खासगी रुग्णालयात नेलं. तिथे तो जवळजवळ अडीच वर्षं होता. २९ जुलै १८५६ रोजी तिथेच वारला.

या अडीच वर्षांत क्लारा त्याला भेटली किती वेळा? मृत्यूच्या दोन दिवस आधीपर्यंत एकदाही नाही. घरच्यांच्या भेटीने रोगी बिथरतो, अशी तेव्हाची वैद्यकीय समजूत होती. ब्राम्स जाऊ शकत होता, व्हायोलिनवादक योआखिम जाऊ शकत होता, पण बायकोला मज्जाव होता. शुमानला नेलं तेव्हा क्लारा गरोदर होती, जूनमध्ये मुलगा झाला. पदरात सात मुलं आणि रुग्णालयाचा खर्च. ती गावोगाव कार्यक्रम करत फिरत राहिली. ब्राम्स भेटायला गेला तेव्हा त्याला दिसलं, की शुमान नकाशांचं पुस्तक पुढ्यात घेऊन गावांची नावं वर्णानुक्रमे लावत बसलाय.

२७ जुलैला क्लाराला आत सोडलं. त्याने तिला ओळखलं, मोठ्या कष्टाने हात उचलून जवळ घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने त्याला थोडी वाइन पाजली. तिसऱ्या दिवशी ती योआखिमला आणायला स्टेशनवर गेली होती, तेवढ्यात तो गेला. जवळ कोणी नव्हतं.

आता सांगा, यातलं चित्रपटात काय बसेल? नदीतली उडी बसेल. पण अडीच वर्षं वर्णानुक्रमे लावलेली गावांची नावं कशी बसवणार? आणि अडीच वर्षं दाराबाहेर ठेवलेली बायको? तिथे कॅमेऱ्याला दाखवायला काहीच नाही. म्हणून पटकथालेखकाने दार उघडलं, क्लाराला आत घेतलं आणि नवऱ्याला पियानोवर बसवलं. कापलं गेलं ते नेमकं आजारपण. आजारपण म्हणजे मुख्यतः वाट पाहणं असतं, हे ज्याने घरात पाहिलंय त्याला सांगावं लागत नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. क्लाराच्या वाट्याला हे एकदाच आलं नाही. तिचा मुलगा लुडविग हाही तरुणपणी मनोरुग्णालयात गेला आणि १८९९ साली तिथेच वारला. क्लारा आधीच, १८९६ मध्ये गेली होती. लुडविग संगीतकार म्हणून गाजला नव्हता, त्यामुळे त्याच्या आजाराला कोणी प्रतिभेची किंमत म्हटलं नाही. तो नुसता आजारी होता.

शुमानवर आधी जर्मनीतही चित्रपट झाला होता, हाराल्ड ब्राउन यांचा ‘ट्रॉयमेराय’. त्याचं साल लक्षात ठेवण्यासारखं आहे, १९४४. त्याच राजवटीने १९४० आणि ४१ या दोन वर्षांत आपल्याच देशातल्या मनोरुग्णालयांतून सुमारे ७०,००० माणसं नेऊन विषारी वायूने मारली होती, आणि पुढेही उपासमारीने व औषधांनी मारणं चालूच होतं. एकीकडे वेडाने ग्रासलेल्या थोर संगीतकारासाठी चित्रपटगृहात रुमाल ओले होत होते. खाटेवरच्या बिननावाच्या रोग्याला मात्र जगण्याचा हक्क नव्हता. रोगी प्रतिभावंत असेल तरच त्याच्याबद्दल कळवळा वाटायचा, ही सवय इथे कुठपर्यंत पोचते ते दिसतं.

कादंबरीत नसलेला पियानो

१९४५ चा ‘हँगओव्हर स्क्वेअर’ हा हॉलिवूडचा रहस्यपट घ्या. जॉर्ज बोन नावाचा लंडनमधला संगीतकार. कर्कश, बेसूर आवाज कानी पडला की त्याची शुद्ध हरपते, त्या अवस्थेत तो खून करतो आणि नंतर त्याला काही आठवत नाही. शेवटी तो स्वतःचा पियानो कन्सर्टो वाजवत बसतो आणि भोवती घर पेटलेलं असतं. बर्नार्ड हरमन यांनी त्यासाठी खराखुरा कन्सर्टो लिहिला आणि तो उत्तम आहे.

हा चित्रपट पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९४१ च्या कादंबरीवर आहे. मूळ कादंबरीतला बोन संगीतकार नाहीच. तो दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावरच्या लंडनमध्ये दारूच्या गुत्त्यांतून दिवस काढणारा, रिकामटेकडा, एकाकी माणूस आहे. चित्रपटवाल्यांनी काळ मागे नेला, दारू आणि बेकारी बाजूला केली आणि त्याच्या हाती पियानो दिला.

का दिला? बेकार दारुड्याचा आजार पाहायला लोक तिकीट काढत नाहीत. तोच आजार संगीतकाराला दिला की त्याला उंची येते, शिवाय शेवट करायला ऑर्केस्ट्रा मिळतो. आजार आतून कसा असतो हे दाखवणं कॅमेऱ्याला अवघड आहे, पण संगीताच्या मदतीने ते सोपं होतं : व्हायोलिनं किंचाळली की डोकं बिघडलं. ही युक्ती पुढे इतकी रुळली की ती युक्ती आहे हेच आपण विसरलो.

साल्येरीची खुर्ची

१९८४ चा ‘अमेडिअस’ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. पीटर शॅफर यांच्या १९७९ च्या नाटकावरून मिलॉश फोरमन यांनी केलेला, आठ ऑस्कर मिळवणारा. कथा सुरू होते १८२३ मध्ये. म्हातारा साल्येरी गळा कापून घेतो, त्याला मनोरुग्णालयात आणतात, आणि तिथे तो एका पाद्र्यापुढे कबुली देतो की मोझार्टच्या मृत्यूला मी कारणीभूत आहे. शेवटी त्याची चाकांची खुर्ची साखळदंड घातलेल्या रोग्यांमधून जाते आणि तो सगळ्यांना क्षमा वाटत जातो.

यात थोडं खरं आहे. आंतोनियो साल्येरी १८२३ मध्ये खरोखरच आजारी होता, स्मृती आणि भान ढासळलं होतं, त्याला व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात ठेवलं होतं. गळा कापून घेतल्याची आणि विषप्रयोगाची कबुली दिल्याची अफवाही तेव्हा शहरात होती. बीथोव्हेनला ऐकू येत नसल्यामुळे लोक त्याच्याशी वहीत लिहून बोलत, त्या वह्यांमध्ये ही कुजबूज नोंदलेली आहे. पण साल्येरीची सेवा करणाऱ्या दोन परिचारकांनी लेखी निवेदन दिलं होतं, की त्याच्या तोंडून असली कबुली आम्ही कधीही ऐकली नाही. आणि भेटायला आलेल्या इग्नाझ मोशेलेस या आपल्या जुन्या शिष्याला खुद्द साल्येरीने सांगितलं होतं की ती वदंता खोटी आहे. दीडच वर्षात, मे १८२५ मध्ये, तो वारला.

त्यानंतर पाच वर्षांत, १८३० मध्ये, पुश्किनने ती अफवा नाटुकल्यात घातली. तिथून ती रिम्स्की-कोर्साकोवच्या ऑपेरात गेली, तिथून शॅफरच्या नाटकात आणि मग पडद्यावर. ज्या माणसाने बीथोव्हेन, शुबर्ट आणि लिस्ट यांना शिकवलं, खुद्द मोझार्टच्या धाकट्या मुलाला शिकवलं, तो आज जगाला मत्सराने वेडा झालेला सामान्य माणूस म्हणून माहीत आहे. म्हातारपणी भान सुटलेल्या माणसाबद्दल गावाने केलेली कुजबूज दोनशे वर्षं टिकली आणि त्याला शुद्धीवर ठेवायला झटणाऱ्या दोन परिचारकांचं निवेदन कोणाच्या लक्षात नाही. चित्रपट म्हणून ‘अमेडिअस’ मला अतिशय आवडतो. आवडतो म्हणूनच हे सांगावंसं वाटतं.

अशीच एक बाई आहे, अंतोनिना मिल्युकोवा. चायकोव्हस्कीची बायको. १८७७ मध्ये लग्न झालं आणि काही आठवड्यांतच दोघं वेगळी झाली, ती कायमची. केन रसेल यांच्या ‘द म्युझिक लव्हर्स’मध्ये ग्लेंडा जॅक्सनने तिची भूमिका केली. तिथे चायकोव्हस्कीच्या शेवटाच्या सोबतीनेच तिचा वेड्यांच्या इस्पितळातला शेवट दाखवलाय, जणू ते त्या लग्नाचंच फळ. प्रत्यक्षात ती रुग्णालयात गेली १८९६ मध्ये, म्हणजे नवरा वारल्यावर तीन वर्षांनी आणि वेगळं झाल्यावर जवळजवळ एकोणीस वर्षांनी. १९१७ मध्ये तिथेच वारली. मधल्या एकोणीस वर्षांत ती कशी जगली हे कोणी विचारलं नाही. कारण तिचं वेड नवऱ्याच्या संगीताला सजावट म्हणून हवं होतं.

‘शाइन’ आणि दोषी कोण

आता आपल्या काळाजवळ येऊ. १९९६ चा ‘शाइन’, दिग्दर्शक स्कॉट हिक्स. ऑस्ट्रेलियन पियानोवादक डेव्हिड हेल्फगॉट यांच्या आयुष्यावरचा. जेफ्री रश यांना यासाठी ऑस्कर मिळालं. कथा अशी : हुशार मुलगा, जुलमी बाप, बापाचा विरोध मोडून मुलगा लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये जातो. तिथे तो रखमानिनोवचा तिसरा कन्सर्टो वाजवायला घेतो. वाजवतो, शेवटचे स्वर संपतात आणि तो रंगमंचावरच कोसळतो. मग इस्पितळं, मग एका वाइन बारमधला पियानो, मग प्रेम, लग्न, आणि पुन्हा टाळ्या.

हेल्फगॉट यांचा जन्म १९४७ चा. १९६६ मध्ये ते लंडनला गेले हे खरं, तो कन्सर्टो त्यांनी गाजवला हेही खरं. पण तो वाजवताना ते कोसळले नव्हते. आजार हळूहळू वाढत गेला. १९७० मध्ये ते परत आले, १९७१ मध्ये लग्न केलं, ते लग्न मोडलं, त्यानंतर इस्पितळांची वर्षं आली. हे पहिलं लग्न चित्रपटात नाहीच. चित्रपटाला एक संध्याकाळ हवी होती आणि एक कन्सर्टो हवा होता. त्या दिवसापासून रखमानिनोवचा तिसरा कन्सर्टो म्हणजे माणसाला वेडं करणारी रचना, असा समज पसरला. १९०९ मध्ये खुद्द रखमानिनोवने तो न्यूयॉर्कला वाजवला, त्यानंतर असंख्य पियानोवादकांनी वाजवला. तो अवघड आहे. सायंकाळी साडेसातला सुरू होतो, सव्वाआठच्या आत संपतो, आणि वाजवणारा माणूस घरी जाऊन जेवतो.

अधिक गंभीर प्रश्न वडिलांचा आहे. पीटर हेल्फगॉट १९७५ मध्ये वारले, म्हणजे चित्रपटाला उत्तर द्यायला ते नव्हते. पडद्यावर ते मारझोड करणारे, मुलाला गुदमरवणारे दिसतात, आणि ज्यूंच्या संहाराची सावली त्यांच्यावर अशी धरली आहे की ते छळछावणीतून वाचून आले असावेत असं प्रेक्षकाला वाटावं. डेव्हिड यांची बहीण मार्गारेट यांनी १९९८ मध्ये पुस्तक लिहून याला आक्षेप घेतला. वडील युद्धाच्या आधीच, १९३० च्या दशकात, पोलंडहून ऑस्ट्रेलियात आले होते. नातेवाईक मागे मारले गेले, पण ते स्वतः छावणीत नव्हते. आणि ते असे क्रूर नव्हते. कुटुंबातही यावर एकमत नव्हतं, सगळी भावंडं मार्गारेट यांच्या बाजूची नव्हती. बंद दाराआडचं खरंखोटं आपण इथे बसून ठरवू शकत नाही. पण मुद्दा वेगळाच आहे. बाप कठोर होता असं गृहीत धरलं, तरी कठोर बापामुळे असा आजार होतो का?

एके काळी मानसोपचारशास्त्रच ‘हो’ म्हणत होतं. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमन या नामवंत मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी ‘स्किझोफ्रेनिया घडवणारी आई’ अशा अर्थाची संज्ञा वापरली आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं हजारो आयांना डॉक्टरांकडून ऐकावं लागलं की तुमच्यामुळे मूल असं झालं. पुढच्या अभ्यासात ही कल्पना टिकली नाही, शास्त्राने ती सोडली. चित्रपटाने सोडली नाही. ‘शाइन’ येईपर्यंत डॉक्टरांनी ती टाकून बराच काळ लोटला होता, फक्त आईच्या जागी बाप आला.

ज्यांच्या घरी असा आजार आहे, त्यांच्यासाठी हा इतिहासाचा तपशील नाही. ‘आमचं काय चुकलं?’ हा प्रश्न त्या घरात रोज रात्री असतो. दोन तासांचा सुंदर चित्रपट त्याचं उत्तर देऊन टाकतो, ‘हो, तुमचंच चुकलं.’

एक गोष्ट मात्र ‘शाइन’च्या बाजूने सांगायला हवी. त्यातलं बरंचसं वादन स्वतः हेल्फगॉट यांचं आहे. १९९७ मध्ये ते जगभर दौऱ्यावर निघाले, सभागृहं भरली, समीक्षकांनी वादनावर कडक टीका केली. समीक्षक वादनाबद्दल बरोबर असतीलही. पण त्या माणसाला इतक्या वर्षांनी पुन्हा वाजवायला मिळालं आणि तो आनंदाने वाजवत होता, हेही तितकंच खरं आहे.

याच रखमानिनोवची एक खरी हकिगत आहे. १८९७ मध्ये त्याची पहिली सिम्फनी पार पडली, म्हणजे शब्दशः पडली. त्यानंतर तो खचला आणि जवळजवळ तीन वर्षं त्याला काही मोठं लिहिता आलं नाही. १९०० मध्ये त्याला डॉ. निकोलाय डाल यांच्याकडे नेलं. डाल संमोहन आणि संवाद यांनी उपचार करत, स्वतः हौशी व्हायोलावादक होते. काही महिने रोज बसणं झालं. मग दुसरा पियानो कन्सर्टो आला, आणि रखमानिनोवने तो डॉ. डाल यांना अर्पण केला. इथे क्रम उलटा आहे बघा. आजारात संगीत थांबलं, उपचारानंतर आलं. आपल्यातल्या किती जणांना डाल हे नाव माहीत आहे?

कारण न सांगणारे दोन चित्रपट

सगळेच चित्रपट या वाटेने गेले नाहीत. कॅनडाचे फ्रान्स्वा जिरार यांनी १९९३ मध्ये ग्लेन गूल्ड या पियानोवादकावर ‘थर्टी टू शॉर्ट फिल्म्स अबाउट ग्लेन गूल्ड’ केला. नावाप्रमाणे बत्तीस छोटे तुकडे, गूल्डने गाजवलेल्या बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’च्या हिशोबाने : एक आरिया, तीस आवर्तनं, पुन्हा आरिया. गूल्ड विलक्षण माणूस. उन्हाळ्यात ओव्हरकोट, औषधांच्या गोळ्यांचा साठा, १९६४ मध्ये भर कीर्तीत जाहीर कार्यक्रम बंद. दुसऱ्या कोणी असता तर बालपणातली एक जखम शोधून काढली असती. जिरार तसं करत नाहीत. एक तुकडा नुसता गोळ्यांवर आहे, एक टेलिफोनवरच्या गप्पांवर, एक हॉटेलातल्या मोलकरणीला रेकॉर्ड ऐकवण्यावर. त्यातून एक माणूस उभा राहतो, निदान उभं राहत नाही.

दुसरा २००९ चा ‘द सोलोइस्ट’. लॉस एंजेलिस टाइम्सचे स्तंभलेखक स्टीव्ह लोपेझ यांना २००५ मध्ये रस्त्यावर दोनच तारा उरलेलं व्हायोलिन वाजवणारा एक माणूस भेटला, नॅथनिएल एअर्स. जूलियार्डसारख्या संस्थेत डबल बास शिकायला गेलेला, तिथेच स्किझोफ्रेनियाने गाठलेला. चित्रपटात डबल बासचा चेलो झाला आणि बीथोव्हेन ऐकताना पडद्यावर रंगांचे फवारेही उडाले, म्हणजे जुन्या सवयी आहेतच. पण एका बाबतीत हा चित्रपट प्रामाणिक आहे. तो एअर्सना बरं करत नाही. लोपेझना वाटतं, घर मिळवून दिलं, वाद्य दिलं, सभागृह दिलं की झालं. तसं होत नाही. उरते ती मैत्री, तीही चिडचिडीची, मधेच तुटणारी. आजारी माणसाशी मैत्री करणारा दमतो, त्याला राग येतो, पळून जावंसं वाटतं, हे मुख्य प्रवाहातल्या चित्रपटात क्वचितच इतकं सरळ आलंय.

मध्यंतरात आलेला प्रश्न

मघाशी चहाच्या वेळी एका बाईंनी मला विचारलं, ‘पण सर, काहीतरी संबंध असेलच ना? इतक्या कलावंतांना त्रास झाला तो उगाच?’ प्रश्न रास्त आहे. शुमानचंच उत्तर देतो. १८४० या एका वर्षात त्याने शंभराहून जास्त गाणी लिहिली. काही वर्षं तो झपाटल्यासारखा लिहायचा, त्यात आजाराचा हात असेल असं म्हणणारे अभ्यासक आहेत. पण १८४४ च्या उत्तरार्धात तो खरोखर खचला, तेव्हा त्याचं लिहिणं जवळजवळ थांबलं होतं. कलावंत आजारी पडतात, तसे कारकून आणि शेतकरीही पडतात. फरक एवढाच की कारकुनाच्या आजाराला कोणी ऑर्केस्ट्रा जोडत नाही.

हा समज काही परदेशातलाच नाही. १९५२ च्या आपल्या मुंबईतल्या ‘बैजू बावरा’मध्ये स्वामी हरिदास बैजूला सांगतात ते हेच, की काळजाला दुःख लागल्याशिवाय सूर लागत नाही. नायकाच्या नावातच ‘बावरा’ आहे. पण तानसेन आणि बैजूच्या त्या सामन्यात प्रत्यक्ष गायलं कोण? उस्ताद अमीर खाँ आणि आपले पंडित द. वि. पलुस्कर. दोघंही शांत, तोलून-मापून गाणारे, आयुष्यभर रियाज केलेले. पडद्यावरच्या बावरेपणाला आवाज दिला तो शिस्तीने.

शेवटी, एक कन्सर्टो

शेवटाकडे येतो. हा समज फक्त पडद्यावर राहत नाही, तो संगीतालाही लागतो. शुमानने १८५३ च्या शरद ऋतूत, आजार उफाळण्याच्या चार-पाच महिने आधी, योआखिमसाठी व्हायोलिन कन्सर्टो लिहिला. तो गेल्यावर क्लारा, योआखिम आणि ब्राम्स यांनी ठरवलं की हा प्रसिद्ध करायचा नाही. यात आजाराच्या खुणा दिसतात, त्याच्या कीर्तीला बाधा येईल. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं, भीती होती. त्याच भीतीपोटी क्लाराने म्हातारपणी शुमानच्या चेलोसाठीच्या पाच रचना जाळून टाकल्या, त्या कायमच्या गेल्या. कन्सर्टो मात्र बर्लिनच्या ग्रंथालयात पडून राहिला आणि २६ नोव्हेंबर १९३७ रोजी पहिल्यांदा जाहीरपणे वाजला. लिहिल्यावर चौऱ्याऐंशी वर्षांनी.

आता शेवटचा तपशील. फेब्रुवारी १८५४ च्या त्या रात्रींत शुमान एकदा उठला आणि म्हणाला, देवदूतांनी मला एक धून सांगितली. त्याने ती लिहून काढली आणि तिच्यावर पियानोसाठी आवर्तनं रचू लागला. नदीकडे गेला तो ती अर्धवट ठेवून, आणि वाचवून आणल्यावर ती पूर्ण केली. चित्रपटाला याहून चांगलं काय हवं? वेड आलं आणि सोबत स्वर्गीय सुरावट घेऊन आलं.

पण ती धून नवी नव्हती. व्हायोलिन कन्सर्टोच्या मधल्या, संथ भागात ती जवळजवळ तशीच आहे. आदल्या शरद ऋतूत, टेबलाशी बसून, खोडून-लिहून त्याने ती स्वतः रचली होती. आजाराने त्याला ती दिली नाही. ही आपलीच आहे एवढी ओळख फक्त आजाराने पुसली.

तो भाग साधारण सहा मिनिटांचा आहे. आपण आता तो ऐकूया. मागचे दिवे कृपया बंद करा. व्हायोलिन यायच्या आधी चेलो हळू आवाजात सुरुवात करतात, तिकडे लक्ष असू द्या. ऐकून झाल्यावर लगेच टाळ्या नाही वाजवल्या तरी चालेल.